पानावर नसलेला शब्द

कॉफीचा पहिला घोट तोंडात असतानाच धाकटीला पडद्यावर ती ओळ दिसली. पानाचा अनुभव : सरासरीपेक्षा कमी. शेजारी करड्या रंगाचा ठिपका, आणि खाली बारीक अक्षरांत, जाहिरात सध्या दाखवली जात नाही. घोट गिळायचा राहिला. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी भाजल्याचं की आणखी कशाचं हे तिला कळेना. लोकांच्या जाहिराती लावून देणाऱ्या ऑफिसात अशा ओळी ती रोज पाहायची. डॉक्टरला दुसऱ्याचा ताप, तशा तिला त्या ओळी. लोक सर्चच्या चौकटीत शब्द टाकतात, उत्तरांच्या डोक्यावर दोन-चार जाहिराती येतात. त्यांतली कुठली वर, कुठली खाली आणि कुठली दिसायचीच नाही हे ठरवणारं यंत्र नुसती पैशांची बोली बघत नाही, गुणही देतं. माणसानं विचारलं तेच जाहिरातीत आहे का, जाहिरातीत आहे तेच पुढच्या पानावर आहे का, आणि पानावर गेलेला माणूस तिथे रेंगाळतो की आल्या पावली परत फिरतो. गाद्या विकणारे, मोटार शिकवणारे, गळकी छपरं दुरुस्त करणारे अशा सगळ्यांना ती फोनवर एकच भाषण ऐकवत आली होती. यंत्राला तुमच्याशी ना वैर ना प्रेम. ते म्हणतं तसं पान करा, गुण आपोआप वाढतील. पलीकडचा माणूस भडकला की ती फोन कानापासून थोडा लांब धरून वादळ ओसरायची वाट पाहायची. राग हा तिच्या लेखी गिऱ्हाइकांना होणारा आजार होता. आज तो तिला झाला होता, कारण ते पान ताईचं होतं.

ताई केस बनवायची. औषधांनी ज्यांचे केस गेले त्या बायकांसाठी. तरुणपणी ती नाटकांचे टोप करणाऱ्या एका मास्तरांच्या हाताखाली शिकली होती. बारीक जाळीवर आकडीनं एकेक केस ओढून घ्यायचा, गाठ मारायची, पुढचा केस घ्यायचा. मास्तर राजे आणि राक्षस सजवायचे. ताईनं मात्र ते काम कधीच सोडून दिलं होतं. तिच्याकडच्या बायकांना रंगमंचावर जायचं नसायचं, त्यांना मुलीला शाळेत सोडायला जायचं असायचं. त्या पानावरचा मजकूर ताईनं स्वतःच्या हातानं लिहून दिला होता आणि धाकटीनं तो काना-मात्रा न बदलता चढवला होता. "आधी बसा," अशी त्याची सुरुवात होती. "घाई नाही. आरसा भिंतीकडे फिरवलेला आहे, तुम्ही म्हणाल तेव्हाच तो वळेल." मग डोकं थंड का पडतं, उशीची खोळ कसल्या कापडाची असावी, नवे केस पहिल्यांदा घालून बाहेर पडताना सोबत कुणाला न्यावं आणि कुणाला मुळीच नेऊ नये, असं बरंच काही. ना दर, ना बटण. फोटो होते, पण सगळे पाठमोरे. एकीचाही चेहरा नाही.

धाकटीनं त्या अख्ख्या पानात एक शब्द शोधून पाहिला. विग. यंत्रानं निमूट उत्तर दिलं, शून्य. जाहिरात लागली होती ती 'विग' शोधणाऱ्यांसाठी, आणि पानावर विग हा शब्द औषधालाही नव्हता. इतकं साधं होतं ते. एखाद्या गादीवाल्याच्या पानावर गादी हा शब्द नसता तर ती त्याला उंटावरचा शहाणा म्हणून मोकळी झाली असती. यंत्राचं चुकलं नव्हतं, आणि तरीही तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सरासरी म्हणजे कुणाची सरासरी? कुठल्या कुठल्या पानांची बेरीज करून, त्याला कशानं भागून, कुणी काढलं की 'आधी बसा' हे कमी आहे? तिला एकदम आपल्या हातांची लाज वाटली, स्वच्छ, कोरडे, कळफलकावर टेकलेले हात. मग त्या लाजेचाही राग आला.

सबुरीसाहेब तिच्या मागून जाताना थांबले. ऑफिसचे मालक. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'जरा सबुरीनं' म्हणायचे म्हणून हे नाव. माणूस वाईट नव्हता. उलट इतका समजूतदार होता की त्याच्याशी भांडायला जावं तर कापसाच्या ढिगावर बुक्की मारल्यासारखं व्हायचं.

"बहिणीचं पान ना हे?" ते म्हणाले. "मी मागेच म्हणणार होतो. मजकूर सुंदर आहे हो, पण कोण वाचतंय? तो शब्द घाला आठ-दहा वेळा. फोटो हलके करा. फोनचं बटण वर आणा. तुम्हाला मी काय सांगायचं?"

"ती घालू देणार नाही."

"घरचं आहे म्हणून लागतंय तुम्हाला. परक्याचं असतं तर एव्हाना काम संपलंही असतं. जरा सबुरीनं."

हे खरं होतं, आणि म्हणूनच ते ऐकवेना. त्या संध्याकाळी ती घरी न जाता ताईकडे गेली. ताईची खोली एका इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला. समोर सायकली लावायची जागा, बाजूला चपला शिवणाऱ्याचं दुकान. आत शिरलं की आधी वास यायचा, धुऊन वाळत घातलेल्या केसांचा, थोडा साबणाचा, थोडा जनावरांच्या अंगासारखा. टेबलाच्या कडेला खिळ्यांची उलटी फणी ठोकलेली होती आणि तिच्यातून ताई काळ्याभोर केसांचा एक झुपका ओढत होती. मुळं एका बाजूला, टोकं एका बाजूला. एखादा जरी केस उलटा राहिला तरी तो बाकीच्यांत गुंता करतो, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. घरातल्या माणसांबद्दलही ती हेच सांगायची.

"विग नाटकात लागतो," सगळं ऐकून घेतल्यावर ताई म्हणाली. मान वर न करता. "इथे येणारीला विग नको असतो, छकू. तिला तिचे केस हवे असतात."

"ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पण ती शोधताना काय टाकते? विगच टाकते ना?"

"टाकू दे की."

"मग तिला तू सापडत नाहीस! तिला ते दुसरे सापडतात, काचेच्या दुकानातले, एका डोक्याला दहा डोक्यांचं माप लावणारे. तुझ्याकडे या महिन्यात किती जणी आल्या?"

ताईनं झुपका सोडला नाही. "ज्यांना यायचं त्या येतात."

"येत नाहीयेत. तूच म्हणालीस, जागा सोडावी लागेल."

"मग सोडेन. पण दारावर विग लिहिणार नाही. आईनं तो शब्द ऐकला होता तेव्हा तिचं तोंड कसं झालं होतं, ते तू पाहिलं नाहीस."

तू पाहिलं नाहीस. हेच ते. घरी परतताना धाकटी बसच्या खिडकीला डोकं टेकून बसली आणि ते वाक्य चाकांच्या लयीत तिच्या कवटीवर आपटत राहिलं. औषधांनी आईचे केस गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिनं काय पाहिलं होतं? तिनं न्हाणीघर पाहिलं होतं. पाणी तुंबलं होतं, आणि बाबा गुडघ्यांवर बसून तारेच्या आकड्यानं मोरीतून केसांचा लगदा ओढून काढत होते, राखाडी, साबणात माखलेला, संपता संपेना असा. मग बाबा किती तरी वेळ हात धूत उभे राहिले. आई फडकं घट्ट बांधून स्वयंपाकघरात उभी, पातेल्यात काहीतरी ढवळत होती आणि पातेल्याखाली गॅस पेटवलेला नव्हता. ताईनं कॉलेजातून येऊन स्वयंपाकघरातल्या कात्रीनं आपली वेणी कापली. ती वर्तमानपत्रात गुंडाळून टोपवाल्या मास्तरांकडे नेली. मास्तर म्हणाले, एवढ्या केसांत पुरा टोप व्हायचा नाही, घरात आणखी एखादी मुलगी असेल तर बघा. मग दारापलीकडून आईचा आवाज. इतका मोठा आवाज आईनं त्याआधी आणि त्यानंतर कधी काढला नाही. धाकटीच्या केसांना हात लावाल तर याद राखा! दाराअलीकडे धाकटी दोन्ही हातांत आपली वेणी धरून उभी. मास्तरांनी शेवटी नुसता पुढचा भाग करून दिला. फडक्याखालून कपाळावर केस दिसतील एवढाच. आई तो घालायची, आणि समोरून पाहणाऱ्याला वाटायचं, हिचं सगळं ठीक आहे. मागून फडकं. धाकटी शाळेला निघाली की आई स्वतः तिची वेणी घालायची, सावकाश, आणि ताई त्या वेळी हटकून खोलीबाहेर जायची. गाठ घट्ट बसायची. इतकी घट्ट की कपाळाची कातडी ओढली जायची, आणि त्या ओढीचं कुणाला काय सांगावं हे तिला अजून कळलं नव्हतं.

राग माणसाला फार कामसू बनवतो. नवरा म्हणायचा, तू चिडलीस की घरातली भांडी आरशासारखी निघतात. दुसऱ्या दिवशी धाकटीनं ताईचं पान उघडलं आणि भांडी घासावीत तसं घासून काढलं. 'आधी बसा' गेलं. आरसा गेला, उशीची खोळ गेली. पाठमोरे फोटो इतके बारीक केले की त्या बायका आता शाईच्या थेंबांसारख्या दिसत होत्या. 'हलका, नैसर्गिक, धुता येणारा विग. तुमच्या मापाचा विग. विगविषयी आजच बोला.' वर हिरवं बटण. तिनं ताईला विचारलं नाही. मला कुणी विचारलं होतं? हे असं शब्दांत तिच्या मनात आलं नाही, पण बोटांत होतं. चार-सहा दिवसांत करडा ठिपका हिरवा झाला. सरासरीपेक्षा वर. सबुरीसाहेबांनी तिच्या टेबलापाशी येऊन टिचकी वाजवली. "बघा, रागाच्या भरात का होईना, काम उत्तम झालं." तिनं मान डोलावली. यश मिळालं होतं आणि तोंडात कागद चघळल्यासारखी चव होती.

मग एके दुपारी ताई ऑफिसात आली. इतक्या वर्षांत ती इथे कधी आली नव्हती. काचेचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते तिला कळेना, ती ते ढकलतच राहिली आणि आतले सगळे माना वर करून पाहत राहिले. धाकटी उठून दार ओढेपर्यंत ताईचा चेहरा तांबडा झाला होता. तिच्या मुठीत फोन होता आणि साडीच्या खांद्यावर एक लांब काळा केस चिकटलेला.

"हे कुणाचं आहे?" ताई म्हणाली. "हलका, नैसर्गिक, धुता येणारा. कुणाचं आहे हे?"

"ताई, आपण बाहेर..."

"बाहेर कशाला? आठवडाभर माझा फोन खणखणतोय. एकाला नवऱ्यामुलाच्या टकलावर बसवायला हवाय. एका शाळेला गॅदरिंगसाठी बारा हवेत, उद्यापर्यंत. एक मुलगी म्हणते निळा आहे का. आणि परवा, दिवसभर 'नाही हो, नाही हो' म्हणून मी वैतागलेली असताना, एक बाई हळू आवाजात म्हणाली, विग मिळेल का? मी तिलाही तोडून टाकलं. इथे मिळत नाही म्हणाले आणि फोन आपटला! ठेवल्यावर कळलं, ती औषधांनी केस गेलेल्यांतली होती. आवाजावरून कळलं. नंतर मी किती वेळा लावला तो नंबर. उचलत नाही."

सबुरीसाहेब लगबगीनं पुढे आले. "ताई, बसा ना. पाणी घ्या. त्याचं असं आहे, यंत्राचे काही निकष असतात. जरा सबुरीनं..."

"साहेब, तुम्ही मध्ये पडू नका," ताई म्हणाली. "माझं यंत्राशी भांडण नाही. ते बिचारं सांगितलं तेवढं करतंय. हिला मी माझे शब्द दिले होते."

बाहेर जिन्याच्या चौकात येईपर्यंत दोघींनी दम धरला. तिथे रिकाम्या पाण्याच्या बाटल्या रचून ठेवल्या होत्या आणि खालून कुणीतरी फर्निचर ओढत असल्याचा आवाज येत होता.

"मी तुझं दुकान वाचवत होते," धाकटी म्हणाली.

"कापून?"

"हो, कापून! तुझ्या पानावर कुणी फिरकत नव्हतं. तुला शब्द महत्त्वाचा, बाई नाही. ती बाई विग टाकून शोधतेय, रडत शोधतेय, आणि तू म्हणतेस आधी माझा शब्द शीक, मग ये!"

ताईला ते लागलं होतं. मग लागलेलं माणूस करतं तसं तिनं हाताशी सापडेल ते उचललं. "तुला कापणं सोपंच आहे. तुझं कधी काही कापलं गेलं नाही. आईनं वाचवलं ना तुला."

खालचा आवाज थांबला होता. इतकी वर्षं हे वाक्य दोघींच्या मध्ये झाकून ठेवलेल्या भांड्यासारखं होतं. सणावारी, दवाखान्यात, बाबांच्या शेवटच्या आजारात दोघी त्याला वळसा घालून चालत आल्या होत्या.

"मला विचारलं होतं कुणी?" ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता, अकरा वर्षांच्या कुणाचा तरी होता, चिरका. "तू वेणी कापलीस, सगळ्यांनी पाहिलं. मी दारामागे होते. मला एकानं, एका माणसानं, विचारलं का?"

"विचारलं असतं तर दिले असतेस?"

हो म्हणायला हवं होतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "तेच तर. मला ते कळायचंच राहून गेलं. आणि आता कधी कळणार नाही. आणि तू मात्र माझ्याकडे असं पाहतेस, जसं काही मी नाही म्हणाले होते."

ताई जिना उतरून गेली. धाकटी कितीतरी वेळ कठड्याला धरून उभी राहिली. ताईचा राग, आईचा राग, मेलेल्या आईचा असा राग येतो याचा राग. आईनं वाचवलं होतं म्हणजे काय केलं होतं? एकीला घडलेल्या गोष्टीत घेतलं आणि एकीला दाराबाहेर ठेवलं. ते प्रेम होतं हे तिला समजत होतं. समजून उपयोग नव्हता.

पुढचे काही दिवस फोन नाही, काही नाही. धाकटीनं ती जाहिरात थांबवून ठेवली. हिरवा ठिपका पुसला गेला. सबुरीसाहेबांनी कपाळाला आठी घातली आणि तिनं ती आठी अंगाला लागू दिली नाही. कामाच्या फटीत मात्र ती दुसरंच काही वाचत बसली. जाहिरात दिसली त्या वेळी लोकांनी चौकटीत नेमकं काय टाकलं होतं, ते तिच्या पडद्यावर दिसायचं. एरवी ती यातले नको असलेले शब्द खुडून टाकायची, मेथी निवडावी तशी. आता ती ते नुसते वाचत होती. विग स्वस्त. विग निळा. विग शाळा नाटक. आणि मध्येच, गर्दीत कुणी बाही धरावी तसं, केस सगळे जातात का. मग, डोकं झाकायला काय घालावं. मग, मुलीला कसं सांगू केस जाणार. कुठे विरामचिन्ह नाही, कुठे नमस्कार नाही. चौकटीपुढे माणसं किती उघडी होतात. बहिणीपुढे नाही, नवऱ्यापुढे नाही, या पांढऱ्या पट्टीपुढे. आणि ती पट्टी त्यांना निळ्या विगच्या दुकानात पाठवते. तिला वाटलं, टेबल उचलून काचेवर मारावं. तिनं लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, आणि भर दुपारी, कुणाला न सांगता, ताईच्या खोलीवर गेली.

ताई जाळीवर काम करत होती. डोळ्यांवर भिंग, हातात आकडी. तिनं पाहिलं, स्टुलाकडे हनुवटी केली. धाकटी बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि सरळ वाचायला लागली.

"केस सगळे जातात का."

ताईची आकडी चालत राहिली. एक गाठ, दुसरी गाठ. "काय आहे हे?"

"लोकांनी विचारलंय. सांग ना."

"सगळे जातीलच असं नाही," ताई जाळीकडे पाहत म्हणाली. "पण अर्धवट गेलेले जास्त छळतात. तुकड्या-तुकड्यांनी निरोप घेणारा पाहुणा बघ कसा नको होतो."

धाकटी टाइप करत होती. "मुलीला कसं सांगू."

"तिच्या देखत कापायला बस म्हणावं. कात्री तिच्या हातात दे. आपोआप गळताना बघायला लागलं की पोरं घाबरतात." आकडी थांबली. ताईनं भिंग वर केलं, बहिणीकडे पाहिलं, आणि पुन्हा डोळ्यांवर ओढलं. "पण आधी तिला विचार म्हणावं. हवंय का तिला ते. विचारल्याशिवाय देऊ नये."

धाकटीनं ते टाइप केलं. अक्षरं जरा चुकली, मागे येऊन सुधारली. ती वाचत गेली, ताई सांगत गेली. खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या आहेत आणि ताई काम न थांबवता एकेकीला उत्तर देते आहे असं वाटावं. ऊन सायकलींवरून सरकलं.

"आता तो शब्द," धाकटी म्हणाली. "एकदा तरी हवाच. तुला आवडो न आवडो. त्याच्याशिवाय त्यांना रस्ता सापडत नाही."

ताईनं आणखी दोन-तीन गाठी मारल्या. मग म्हणाली, "लिही. इथे येणाऱ्या बहुतेक जणी विग हा शब्द हळू आवाजात उच्चारतात. तो शब्द दारात ठेवला तरी चालेल. आत आम्ही त्याला केस म्हणतो." आणि नाक फेंदारून, "झालं तुझ्या यंत्राचं समाधान?"

"त्यानं नाक मुरडलं नाही तरी मिळवली." धाकटी हसली नाही, पण ताई किंचित हसली. "अजून एक आहे. केस गेल्यावर इतका राग का येतो."

आकडी खाली ठेवली गेली. "हे मला कुणी विचारलेलं नाही. रडतात, गप्प बसतात. राग..." ताईनं मान हलवली. "मला येत नाही याचं उत्तर. ते तू लिही."

धाकटीनं लिहिलं. विचार न करता, एका दमात. 'राग येईल. कुणावर काढायचा ते कळणार नाही. नीट वागणाऱ्या माणसांचाच जास्त येईल. तो गिळू नका. इथे येऊन काढलात तरी चालेल, आम्हाला सवय आहे.' ताईनं तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं. "सवय कुठाय आपल्याला?" "होईल," धाकटी म्हणाली. पहिल्या ओळीत पुन्हा 'आधी बसा' आलं.

त्याच प्रश्नांच्या नव्या जाहिराती लावल्या. यंत्रानं त्यांतल्या दोन लगेच नाकारल्या, आजाराचा उल्लेख आहे म्हणून. धाकटीनं फेरविचाराची विनंती केली. उत्तर इतक्या लवकर आलं की ते कुणी वाचणं शक्य नव्हतं. नाकारलं. तिनं त्या काढून टाकल्या, दातओठ खात. बाकीच्या चालल्या. जाहिरातीत प्रश्न होता, पानावर त्याचं उत्तर होतं, तेव्हा यंत्राला हरकत घ्यायला जागा उरली नाही. दोन आठवड्यांनी गुण आले. सरासरी. ना वर, ना खाली. सबुरीसाहेब म्हणाले, "सरासरी म्हणजे वाईट नाही हो." "वाईट नाही," धाकटी म्हणाली, "पण तुम्ही माझं अभिनंदन करू नका." ते जरा चपापले, मग स्वतःशीच मान डोलावत गेले. तिचा राग गेला नव्हता. तो आता जागेवर बसला होता, दुखऱ्या दाढेसारखा, जिच्यानं चावायचं नाही हे तोंडाला पाठ झालेलं असतं.

फोन कमी झाले. पण निळा विग कुणी मागेना. एका शनिवारी धाकटी ताईच्या खोलीत खिडकीजवळ उभी राहून पानावरची एक चूक दुरुस्त करत होती, तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि एक बाई आत आली. पन्नाशीची, उंच, इस्त्रीचे कपडे, डोक्याला महागडा रुमाल. तिनं खोलीवर नजर फिरवली, भिंतीकडे तोंड केलेल्या आरशावर ती थांबली, आणि ती बाई जवळजवळ ओरडली.

"तुमच्या पानावर लिहिलंय, राग इथे काढला तरी चालेल. खरं आहे का ते?"

ताईनं आकडी ठेवली. "खरं आहे. आधी बसा."

ती बसली, कडेच्या खुर्चीवर, पिशवी शेजारच्या खुर्चीत आदळून, आणि सुरू झाली. तीन दुकानं फिरले. जो तो म्हणतो, मॅडम, तुम्हाला फार छान दिसेल. दिसेल म्हणजे? मला काय लग्नाला उभं राहायचंय? नवरा म्हणतो, केसच तर आहेत, परत येतील. त्याचे जाऊ देत म्हणावं एकदा! सासूबाई आता माझ्यासमोर केस विंचरत नाहीत, आत जाऊन विंचरतात, आणि त्या आत जातात ना, तेव्हा मला त्यांचा गळा धरावासा वाटतो, इतक्या चांगल्या आहेत त्या. ऑफिसातल्या पोरींनी फुलं पाठवली. फुलं! मी मेलेय का? बोलता बोलता तिनं रुमाल ओढून काढला आणि मांडीवर चुरगाळला. तिचं डोकं निळसर पांढरं होतं, कानामागे चुकून राहिलेली एक बट. ताई तसूभर हलली नाही. ती बाई आणखी बोलली, डॉक्टरबद्दल, पावसाबद्दल, शेजारणीच्या कुत्र्याबद्दल, जे कशाशी संबंधित नव्हतं त्या सगळ्याबद्दल, आणि खिडकीजवळ धाकटी श्वास रोखून ऐकत राहिली. कुणीतरी आपल्याच पोटातलं मोठ्यानं वाचून दाखवत आहे असं तिला झालं. या खोलीत कुणी कुणाला सबुरी सांगत नव्हतं. भिंती उभ्याच होत्या, छप्पर पडलं नव्हतं, शेजारचा चांभार ठोकतच होता.

बाई थांबली ती दम लागून. मग तिचं लक्ष खिडकीकडे गेलं.

"आणि या कोण? या का थरथरतायत?"

"ते पान हिनं लिहिलंय," ताई म्हणाली. "रागाचं हिनंच लिहिलंय."

बाईनं धाकटीला खालीवर न्याहाळलं. लांब वेणी, तांबडे डोळे. "तुम्हाला कशाचा एवढा राग?"

कुठून सुरुवात करावी? धाकटीनं हातातला फोन घट्ट धरला, आणि तिला वाटलं, आता ही बाई चिडून निघून जाईल.

बाई चिडली नाही. तिनं शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही. पण तुम्ही आधी बोला."